पहिली चूक कुणाच्या अंगावर?

या शनिवारी डेटाबेसच्या इतिहासाचा दुसरा भाग लिहायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. आज डोक्यात दुसरंच काही घोळतंय आणि ते उतरवल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे भातकुली, अमरावतीपासून पंधरा-सोळा किलोमीटर. जैन मंडळींना ते आदिनाथाच्या मंदिरामुळे ठाऊक असतं, शेतीवाल्यांना खारपाणपट्ट्यामुळे, आणि पुण्यातल्या माझ्या ऑफिसातल्या लोकांना अजिबात नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून लवंडले होते. माझी पुतणी मधल्या खोलीत बसली होती. ती विदर्भातल्याच एका मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. मोबाइल उशीला टेकवून उभा केलेला, समोर चटईवर टॉवेलची घडी, आणि त्या घडीवर तिची लहानपणची कापडी बाहुली. आधी वाटलं, पोरगी दमून गेली आणि खेळायला बसली की काय! जवळ जाऊन बघतो तर मोबाइलवर आणखी चार पोरी, प्रत्येकीपुढे काही ना काही. कुणाची बाहुली, कुणाचा टेडी बेअर, एकीने तर नुसतं लोडच घेतलेलं. आणि एक मॅडम घड्याळ लावून बसलेल्या.

मॅडम म्हणाल्या, "बाळ बाहेर आलं. रडत नाही. हातपाय लुळे. चल."

पुतणीने बाहुली पुसल्यासारखी केली, पाठ चोळली, मान किंचित मागे केली, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गोल करून नसलेला मास्क तिच्या तोंडावर धरला आणि उजव्या हाताने नसलेली अँबू बॅग दाबायला लागली. तोंडाने मोजणी चालू. "श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन."

"छाती वर येत नाहीये. आता?"

"मास्क पुन्हा बसवते. मान बघते. तोंडात काही अडकलंय का बघते. तोंड थोडं उघडून परत देते."

"किती वेळ झाला?"

"पन्नास सेकंद, मॅडम."

आई दारात उभी होती, हातात चिवड्याची ताटली. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. कॉल संपल्यावर ताटली खाली ठेवून तिने नातीला एवढंच विचारलं, "हे पह्यले शिकवत नव्हते काय व?"

पुतणीला त्या प्रश्नाचा संदर्भ नव्हता. मला होता.

१९८६ चा पावसाळा. मी सात वर्षांचा. आईला रात्री कळा सुरू झाल्या आणि ट्रॅक्टरवरून तिला एका सरकारी दवाखान्यात नेलं. कुठला, ते लिहीत नाही. तिथे एक नवखा डॉक्टर होता, नोकरीला लागून महिनाही झाला नसावा. मुलगी झाली. रडली नाही. त्याने तिला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. मग कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं. कागदावर लिहिलं, मृत जन्म. आई तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आली आहे : "तिनं हात हालवला व्हता. म्या पायला." सगळे म्हणायचे, तू शुद्धीत नव्हतीस. आजीसुद्धा म्हणायची. हळूहळू आईने ते बोलणंच सोडून दिलं. त्या डॉक्टरबद्दल मात्र तिने कधी वाकडा शब्द काढला नाही. म्हणायची, "ते बी लेकरूच व्हतं. हात थरथरत व्हते त्याचे."

परतीच्या प्रवासात आणि नंतरचे तीन शनिवार-रविवार मी त्या एका प्रश्नामागे होतो. हे पह्यले शिकवत नव्हते काय? उत्तर एका शब्दात येण्यासारखं नाही.

*

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मला हे कुठून दिसतंय ते कळेल. नवीन पोरगा कामाला लागला की त्याने लिहिलेला कोड आपण थेट गिऱ्हाइकाच्या चालू सर्व्हरवर टाकत नाही. आधी टेस्ट सर्व्हर, मग स्टेजिंग, मग प्रॉडक्शन. पोरगा वाईट असतो म्हणून नव्हे, तर पहिल्यांदा करताना माणूस चुकतोच म्हणून. चुकायला वेगळी जागा करून देणं, एवढीच ती कल्पना. बँकेच्या खात्यातल्या दोनशे रुपयांसाठी आपण ही काळजी घेतो. मग माणसाच्या शरीरासाठी ही जागा कधी केली गेली?

गंमत म्हणजे कल्पना फार जुनी आहे, आणि आपल्याकडची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय सगळा सरावावर आहे. कापायचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर. भेदण्याचा सराव पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडायचा सराव केसाळ कातड्यावर. शीर टोचायचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. किडीने पोखरलेल्या लाकडात सळई घालून जखमेचा माग काढायचा सराव. टाके घालायचे ते कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. आणि पट्ट्या बांधायला शिकायचं ते पूर्ण माणसाएवढ्या पुतळ्यावर! ग्रंथ कितीही पाठ असला तरी ज्याने हा सराव केला नाही तो कामाला नालायक, असा त्याचा सरळ हिशेब आहे. प्रत्येक कौशल्याला वेगळी वस्तू नेमून दिली आहे, हे मला त्यातलं सगळ्यात पटलेलं. आम्ही त्याला युनिट टेस्ट म्हणतो :-)

मग हे कुठे हरवलं? शस्त्र हातात धरणारा वैद्य मागे पडत गेला तसा हा सरावही मागे पडला. आणि एकोणिसाव्या शतकात जे नवीन वैद्यकीय शिक्षण आलं ते दुसऱ्याच पायावर उभं होतं.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. कॉलेजाला रुग्णालय चिकटून, ही रचना तेव्हापासून आजपर्यंत तीच. विद्यार्थी आधी मृतदेहावर शरीर शिकतो, मग वॉर्डातल्या रुग्णावर हात बसवतो. या रचनेने थोर डॉक्टर घडवले यात वाद नाही. पण तिच्यात न लिहिलेला एक करार आहे. सरकारी दवाखान्यात येणारा गरीब माणूस फुकट उपचार घेतो, आणि बदल्यात शिकाऊ हातांना स्वतःचं शरीर देतो. विच्छेदनाच्या टेबलावरही तेच. मुंबई राज्यात १९४९ चा शरीरशास्त्र कायदा झाला, त्याने कॉलेजांना देह मिळायची सोय झाली ती मुख्यतः बेवारस मृतदेहांमधून. म्हणजे मेल्यावरही ज्याला कुणी नाही तोच शिकवायला उभा.

पहिल्यांदा सलाईन लावताना शीर पाच वेळा चुकते. ती शीर कुणाची? ज्याला "मोठ्या डॉक्टरला बोलवा" असं म्हणता येत नाही त्याची. आमच्याकडे अमरावतीला इर्विन आणि डफरीनला जाणारा माणूस यावर तक्रार करत नाही. त्याला ही तक्रार असू शकते हेच माहीत नसतं.

*

बाहुलीवर बाळंतपण शिकवायची खटपट मात्र आधीच एका बाईने करून ठेवली होती, ती फ्रान्समध्ये. आंजेलिक द्यु कुद्रे हे तिचं नाव. सुईण. खेड्यापाड्यांत अडाणी हातांनी बाया आणि बाळं मरतात म्हणून पंधराव्या लुई राजाने १७५९ मध्ये तिला देशभर फिरून शिकवायचं फर्मान दिलं. अक्षरओळख नसलेल्या बायकांना पुस्तकाने कसं शिकवणार? तिने कापड, चामडं आणि भरण वापरून खऱ्या मापाचा कमरेचा पुतळा शिवला, त्यात नाळेसकट बाळ. बाळ आडवं, पायाळू, जुळं, सगळे प्रकार हाताने करून बघता यायचे. ही बाई पंचवीसएक वर्षं गावोगाव हिंडली आणि तिने हजारो बायकांना शिकवलं. तिचा एक पुतळा रुआँ शहरातल्या संग्रहालयात आजही आहे. फोटो जरूर बघा. गोधडी शिवणारी कुठलीही वऱ्हाडी बाई तो बघून म्हणेल, हे तर मले बी जमते.

पण हा धागाही पुढे तुटला. बाळंतपणं रुग्णालयात गेली, रुग्णालयात रुग्ण भरपूर, मग पुतळ्याची गरज कुणाला?

याच्या उलट विमानाचं बघा. एडविन लिंक हा अमेरिकेतला ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्याचा मुलगा. त्याने १९२९ च्या सुमारास कारखान्यातलेच भाते आणि पंप वापरून जमिनीवर हलणारी विमानाची खोली बनवली. सुरुवातीला ती जत्रेतल्या खेळण्यासारखी खपली. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांना टपाल नेण्याचं काम दिलं गेलं, आणि धुक्यात, अंधारात उडायचा सराव नसल्याने काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. त्याच वर्षी सैन्याने लिंकच्या खोल्या विकत घेतल्या.

आता हे दोन शेजारी ठेवा. वैमानिक चुकला तर वैमानिकही मरतो. डॉक्टर चुकला तर डॉक्टर घरी जातो, झोप लागत नाही, पण जिवंत असतो. सराव करायची खोली आधी कुणाला मिळाली याचं कारण मला तरी यात दिसतं. यंत्र नव्हतं म्हणून नव्हे. चूक ज्याच्या अंगावर पडायची त्याचा आवाज कुठे पोचत नव्हता म्हणून.

*

वैद्यकात ही कल्पना परत आली ती एका खेळणीवाल्यामुळे. नॉर्वेतल्या स्टावांगेर गावचा आस्मुंड लेर्दाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवायचा. त्याचा लहानगा मुलगा बुडता बुडता वाचला होता, बापानेच त्याला बाहेर काढून श्वास मोकळा केला होता. पीटर साफार वगैरे डॉक्टर तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध करत होते आणि ती शिकवायला त्यांना माणूस हवा होता, कारण धडधाकट माणसाच्या छातीवर दाब देऊन सराव करता येत नाही. १९६० मध्ये लेर्दालने 'अ‍ॅन' नावाची बाहुली बाजारात आणली. मग १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरने धडधाकट माणसाला रुग्णाचं सोंग घ्यायला शिकवून त्याच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. १९६७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरने चालणारा पहिला पुतळा झाला, 'सिम वन'. श्वास घ्यायचा, डोळे मिटायचा, औषध दिलं की प्रतिसाद द्यायचा. इतका महाग पडला की दुसरा कधी बनलाच नाही.

कॉम्प्युटरची खरी उडी १९९४ ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने एका पुरुषाच्या देहाचे एकेका मिलिमीटरचे १,८७१ काप करून त्यांची चित्रं सगळ्या जगाला खुली केली. एकूण १५ गिगाबाइट. आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, ९.६ किलोबिटच्या वेगाने. गणित करून बघितलं : तो देह उतरवून घ्यायला १४५ दिवस लागले असते, तेही फोन एकदाही न तुटता. आमच्या भातकुलीत तेव्हा पाऊस आला की फोन आठवडाभर बंद.

याचा उपयोग खरंच होतो का? येल विद्यापीठातल्या शस्त्रक्रिया विभागाने २००२ मध्ये हे मोजून दाखवलं. सोळा शिकाऊ सर्जन. निम्म्यांना पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी कॉम्प्युटरवर सराव, निम्म्यांना नेहमीचं शिक्षण. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं, आणि न केलेल्यांच्या चुका सहापट. आमच्यासारख्यांना यात नवल वाटत नाही. पण हे आकड्यांत मांडायला २००२ साल उजाडावं लागलं.

आता आईच्या प्रश्नाकडे. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात काय करायचं, याचा अमेरिकेतला पहिला नीट बांधलेला अभ्यासक्रम १९८७ मध्ये आला. पुस्तक, बाहुली, मास्क आणि पुन्हा पुन्हा सराव. भारतात तो १९९० मध्ये नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमने आणला. सरकारने पीएचसीतल्या डॉक्टर-नर्सपर्यंत तो पोचवायचा 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू केला २००९ मध्ये. म्हणजे माझी बहीण पहिल्या तारखेच्या एक वर्ष आधी जन्मली, आणि तिसऱ्या तारखेच्या तेवीस वर्षं आधी. बाळाला हवा द्यायची ज्ञात पद्धत तेव्हा नव्हती का? होती. अँबू बॅग १९५६ पासून बाजारात आहे. तो डॉक्टर कॉलेजात ती वाचून आलाही असेल. पण वाचणं वेगळं आणि रात्री अडीच वाजता, एकट्याने, कंदिलाच्या उजेडात ती धरणं वेगळं. त्याचा टेस्ट सर्व्हर माझी बहीण होती.

*

हे शोधताना मी बेळगावपाशी येऊन थबकलो. तिथल्या केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या मंडळींनी जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांत आणि शहरी रुग्णालयांत बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना अशाच बाहुलीवर शिकवलं. ही बाहुली लेर्दालच्याच कंपनीची, स्वस्तातली. पाणी भरलं की खऱ्या बाळाएवढं वजन, मास्क नीट बसला तरच छाती वर येते. प्रशिक्षणाच्या आधीचे आणि नंतरचे जन्म मोजून निष्कर्ष २०१३ मध्ये छापले. जन्मतः मृत म्हणून नोंदलेल्या बाळांचं प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. त्यातही ज्यांचा मृत्यू प्रसूतीच्या वेळचाच, अशी 'ताजी' मृत बाळं १.७ टक्क्यांवरून ०.९ वर. जवळजवळ निम्मी.

मी हा आकडा दोनदा वाचला. आईच्या पोटातल्या बाळाला बाहेरून अँबू बॅग लावता येत नाही. मग मृत जन्मांची संख्या बाहुलीवरच्या सरावाने कमी कशी होईल? एकच उत्तर पटतं : त्यातली काही बाळं मेलेली नव्हतीच. मंद ठोके होते, श्वास नव्हता, आणि श्वास देणारं कुणी नव्हतं. त्यांना मृत म्हणून लिहिलं जात होतं.

आणि पूर्ण सांगायचं तर त्याच अभ्यासात नवजात बालकांच्या मृत्यूचं एकूण प्रमाण घटलं नाही. बाहुली म्हणजे जादू नव्हे. पहिला श्वास मिळालेल्या बाळाला पुढे ऊब लागते, दूध लागतं, जंतुसंसर्गावर उपचार लागतात. पण पहिलं मिनिट गेलं तर पुढचं काहीच येत नाही.

दुसरी गोष्ट टांझानियातल्या हायडम रुग्णालयाची. तिथे एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. बाहुलीवर सगळ्यांचा हात सुधारला, पण लेबर रूममध्ये काही फरक पडला नाही! मग त्यांनी पद्धत बदलली. मोठं शिबिर एकदाच घेण्याऐवजी वॉर्डातच थोडा थोडा सराव, पण सारखा. तेव्हा पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू घटले. हात काही महिन्यांत विसरतात. सायकल विसरत नाही म्हणतात, पण बाळ हातात असताना मास्क धरणं सायकलसारखं नाही.

*

इथे नेटवर्क येतं, आणि इथेच आम्ही आयटीवाले बरेच दिवस चुकलो असं माझं मत आहे.

२० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट हा फक्त शिक्षणासाठीचा उपग्रह उडाला. आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते. पुढच्या काही वर्षांत इस्रोच्या मदतीने मुंबईचं केईएम रुग्णालय नंदुरबार, बीड, लातूर, सातारा आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयांशी जोडलं गेलं. जिल्ह्यातला डॉक्टर एक्स-रे दाखवायचा, मुंबईचा तज्ज्ञ सल्ला द्यायचा. काम मोलाचं होतं. एज्युसॅट २०१० मध्ये निवृत्त झाला, नंतर ऑप्टिकल फायबरने मेडिकल कॉलेजं जोडली गेली. पण शिक्षणापुरतं बोलायचं तर आमची समजूत होती की दूरचा मोठा प्रोफेसर पडद्यावर दिसला की शिक्षण पोचलं. खरं तर पोचायचा तो टीव्ही. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. प्रश्न विचारायला पाव सेकंद, उत्तर यायला पाव सेकंद, आणि त्याहून मोठं अंतर म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोराचे हात कुणी बघतच नव्हतं.

न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरने २००३ मध्ये उलटा विचार केला. यकृताच्या हेपटायटिस-सी आजाराचे रुग्ण शहरात येऊ शकत नाहीत, तर गावातल्या डॉक्टरांनाच दर आठवड्याला व्हिडिओवर बसवायचं. भाषण कमी, आपापल्या रुग्णांची चर्चा जास्त. २०११ मध्ये निकाल छापला : विद्यापीठात ५७.५ टक्के बरे झाले, गावच्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. काही फरक नाही! त्यातला 'दर आठवड्याला' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

२०२० मध्ये कॉलेजं बंद पडली आणि सगळ्यांनाच व्हिडिओवर यावं लागलं. ओरडलो सगळे, आणि बरोबरच ओरडलो. विच्छेदन पडद्यावर शिकता येत नाही. पण त्या कंटाळवाण्या वर्षातून एक सवय राहिली : पाच गावांतल्या पाच पोरी आणि एक मॅडम, दर आठवड्याला वीस मिनिटं, समोर कापडी बाहुल्या. मला विचाराल तर तो अख्ख्या उपग्रहाचा राहून गेलेला भाग आहे. बाहुली हात शिकवते, आणि नेटवर्क तो हात विसरू देत नाही. एकाशिवाय दुसरं अर्धंच.

कागदावर आता बरंच बदललंय. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आली, रुग्णाला हात लावण्याआधी पुतळ्यावर हात बसवायचा असं ठरलं. त्यातच मृतदेह हा आपला पहिला गुरू, असा एक धडाही आहे. आमच्याकडे मेडिकल कॉलेजं उशिरा आली : नागपूर १९४७, सेवाग्राम १९६९, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचं १९८४, यवतमाळ १९८९, अकोला २००२, आणि अमरावतीचं सरकारी कॉलेज थेट २०२४. उशिरा येण्याचा एक फायदा असतो. जुनी सवय मोडावी लागत नाही.

काळजी मात्र दोन आहेत. पहिली, पुतळा महाग म्हणून कपाटात कुलूपबंद. कुलपातला पुतळा आणि नसलेला पुतळा यांत शिकणाऱ्याला काही फरक नाही. दुसरी आमच्या मातीची. हे पुतळे, हे प्रसंग परदेशात लिहिलेले. त्यातला रुग्ण छातीत दुखतंय असं स्वच्छ सांगतो. आमचा माणूस म्हणतो, "जीव कसानुसा होऊन रायला." खारपाणपट्ट्यात आयुष्यभर खारं पाणी प्यायलेला म्हातारा पाय सुजले म्हणून येतो, त्याचं मूत्रपिंड तपासायचं सुचायला त्याचं गाव विचारावं लागतं. असे प्रसंग वऱ्हाडीत कुणी लिहिले आहेत का? सॉफ्टवेअर बनवणारे आम्ही, सांगणारे ते. कोणी बसवणार असेल तर माझे रविवार मोकळे आहेत, हे मनापासून लिहितोय.

*

मागच्या रविवारी आईला फोन केला आणि बेळगावची गोष्ट सांगितली. टक्केवारी नाही सांगितली. एवढंच सांगितलं की ज्या बाळांना मेलेलं म्हणून लिहायचे, त्यातली बरीच मेलेली नसायची, नुसता श्वास द्यायचा राहून जायचा. आपल्या बाळाचं नक्की काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितलं. पण तुला हात हललेला दिसला असेल, ते खोटं नसेल.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "मंग म्या खोटी नव्हती." आणि लगेच, "त्या डाक्टरले बी कोनी सांगाले पायजे व्हतं रे. त्याले बी वाटत असन का आपल्याच्यानं झालं."

संध्याकाळी पुतणीचा मेसेज आला. आजीने तिला आपली जुनी पातळं फाडून बाळाच्या मापाची बाहुली शिवून दिली आहे. आत बाजरी भरली आहे, वजनाला. अडीच किलो, काट्यावर मोजून. मान मात्र मुद्दाम लुळी ठेवली आहे, कारण, आजी म्हणाली, खऱ्या लेकराची तशीच राह्यते.